नेट पॅसेजपर्यंत येतं

घरातलं नेट मंद झालं की माणूस आधी कंपनीच्या नावाने बोटं मोडतो, मग सरकारच्या, आणि दोघांचंही काही वाकडं होत नाही हे लक्षात आलं की पोराला हाक मारतो. "काय डाउनलोड करतोयस रे?" पोरगं बिचारं तेव्हा झोपलेलं असतं. दुपारचे दोन वाजले असले तरी.

यानंतर राऊटर बंद करून चालू करण्याचा विधी. घरात हा मान कुणाचा ते ठरलेलं असतं आणि दुसऱ्याने बटणाला हात लावलेला खपत नाही. बंद किती वेळ ठेवायचा यावर मात्र पंथभेद आहेत. दहा सेकंदवाले आहेत, तीस सेकंदवाले आहेत, आणि आमच्या सोसायटीत एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. ते म्हणतात, पाच मिनिटं त्याला गार होऊ द्यावं, मग चालू करावं आणि त्यानंतर दोन मिनिटं कुणी काही उघडू नये. त्या दोन मिनिटांत त्यांचं अख्खं घर राऊटरपुढे उभं असतं. एक दिवा लागतो, दुसरा लागतो, तिसरा लुकलुकतो. "आलं, आलं!" गंमत म्हणजे बऱ्याचदा खरंच येतं. राऊटर हा छोटा संगणकच. महिनोन्‌महिने न झोपता चालला की अडखळतो; कधी आजूबाजूच्या राऊटरांच्या गर्दीत अडकलेला असतो आणि नव्याने उठल्यावर जरा मोकळी जागा शोधून घेतो. तेव्हा विधीला शास्त्राचा आधार आहे. फक्त हे मॅनेजरसाहेबांना सांगू नये, ते दहा मिनिटं करतील.

विधीने भागलं नाही तर फोन. फोनवरची मुलगी अतिशय गोड आवाजात गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करते आणि राऊटर बंद करून चालू करायला सांगते. मग केव्हातरी, शक्यतो घरात कुणी नसण्याची वेळ साधून, माणूस येतो.

हा माणूस मला फार आवडतो. वय बावीस-तेवीस, पाठीवर सॅक, खांद्यावर पिवळ्या वायरचं वेटोळं, दुसऱ्या खांद्याला आणि कानाला मिळून धरलेला मोबाइल. दारात बूट काढता काढता तो फोनवर आधीच्या घरची तक्रार मिटवत असतो. आत येऊन म्हणतो, "काका, आधी लाईट किती येतीये बघू." काचेच्या तंतूतून येणारा उजेड मोजायचं मुठीत मावेल एवढं यंत्र त्याच्याकडे असतं. त्यावर मायनसमध्ये आकडा उमटतो. मायनस अठरा आला तर गडी खूश. मायनस पंचवीसला कपाळावर आठी. मायनस सत्तावीसच्या पलीकडे गेला की राऊटरवरचा लाल दिवा डोळे मिचकावायला लागतो आणि घरात सुतक. दर तीन अंकांना उजेड निम्मा होतो, त्यामुळे अठरापासून सत्तावीसपर्यंत घसरेस्तोवर मूळच्या उजेडाचा आठवा हिस्सा उरलेला असतो. आणि हा उजेड धावतो कशातून? तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. तुमच्याआमच्या डोक्यावर जे काही केस शिल्लक आहेत, त्यातला एकेक त्याच्या कित्येक पट जाड. टोकाशी धुळीचा एक कण बसला तरी वाट बंद. म्हणून तो पोरगा स्पिरिटच्या बोळ्याने टोक पुसतो, परत खुपसतो, आणि कित्येक तक्रारी तिथेच मिटतात. आपल्याला वाटतं, यात काय, हे तर आम्हीही केलं असतं. करू नये. आपण शर्टाला पुसतो.

आमच्या समोरच्या काकांकडचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. काका शिस्तीचे. टीव्हीच्या मागे वायरींचा गुंता दिसता कामा नये, म्हणून त्यांनी ती पिवळी वायर नीट घडी घालून, दोन ठिकाणी प्लास्टिकच्या पट्ट्या करकचून आवळून, फर्निचरला चिकटवून टाकली होती. पोराने यंत्र लावलं. मायनस सव्वीस. काही न बोलता त्याने खिशातून कटर काढला आणि त्या पट्ट्या टचकन तोडल्या. काकांचा चेहरा पडला. वायर सैल होऊन तिने मोठा गोल घेतला आणि आकडा मायनस वीसवर आला. काच वाकते, पण फार वाकवली की वळणावर उजेड आत राहत नाही, बाहेर निसटतो. "काका, हिला गोल राहू द्या," पोरगा म्हणाला. काका म्हणाले, "दिसायला बरं दिसत नाही." काकू आतून म्हणाल्या, "नेट बघायचंय की वायर?" काकांनी उत्तर दिलं नाही. पण वेटोळं आज भिंतीवर मानाने लटकलेलं आहे.

उजेड ठीक असेल आणि तरी नेट नसेल तर तो पोरगा एक बोट छताकडे करतो. "वरूनच प्रॉब्लेम आहे." या वाक्यावर पुढे वाद घालता येत नाही. आमच्या आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने हात जोडले होते.

वर म्हणजे कुठे, याचा माग काढला तर प्रवास मजेशीर आहे. ऑपरेटरच्या ऑफिसातून निघालेला एक तंतू खांबावरून, आंब्याच्या फांदीवरून, कुणाच्या तरी गच्चीच्या कठड्यावरून येत येत एका काळ्या डबीत शिरतो. त्या डबीत एका तंतूचे बत्तीस होतात, काही ठिकाणी चौसष्ट. आपल्याकडे घरोघरी जी फायबरची पद्धत जास्त करून आहे, तिच्यात त्या एका मूळ तंतूची क्षमता सेकंदाला सुमारे २५०० मेगाबिट. बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला, तर वाट्याला प्रत्येकी अठ्ठ्याहत्तर. आणि या बत्तिसातल्या प्रत्येकाने ३०० चा प्लॅन घेतलेला असू शकतो. हे ऐकून कुणाला फसवणूक वाटेल, पण इथे मी कंपनीच्या बाजूने आहे. बत्तीस घरं एकाच क्षणी पूर्ण जोर कधीच लावत नाहीत. एकाकडे सिनेमा चालू, दुसरा नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर, तिसरा गावाला गेलेला. हिशेब बसतो. जिथे बसत नाही, तिथे गोम बहुधा आणखी वर असते: लहान ऑपरेटरने मोठ्या कंपनीकडून पुढची लाइन गिऱ्हाइकांच्या मानाने तोकडी घेतलेली असते. दुपारी तीनला नेट सुसाट आणि रात्री साडेनऊला रांगतंय, असा रोजचा प्रकार असेल तर संशय तिथे घ्यावा.

पण माझं म्हणणं असं की बहुतेक घरांत नेट वर अडतच नाही. कंपनीचं नेट मुंबईहून, चेन्नईहून, सिंगापूरहून हजारो किलोमीटर धडपणे येतं, जिना चढतं, दारातून आत शिरतं आणि पॅसेजमध्ये बसकण मारतं. तिथून बेडरूमपर्यंतचे पंचवीस फूट त्याला झेपत नाहीत.

कारण राऊटर कुठे ठेवायचा हे घरातलं कुणीच ठरवलेलं नसतं. ते ड्रिल मशीनने ठरवलेलं असतं. जोडायला आलेल्याला संध्याकाळपर्यंत अजून पाच घरं करायची असतात. वायर जिथून आत येते, तिथून हाताच्या अंतरावर तो खिळा ठोकतो. ती जागा म्हणजे मुख्य दारामागचा कोपरा. तिथे आधीपासून चपलांचं कपाट असतं, विजेच्या बटणांचा डबा असतो आणि छत्र्या. राऊटर कपाटावर जातो. महिन्याभराने पाहुणे येणार असतात, तेव्हा तो कपाटाच्या आत जातो. बाहेर दिवे लुकलुकलेले बरे दिसत नाहीत. इंटिरियरवाल्याने केलेलं घर असेल तर त्याच्यासाठी खास लाकडी कप्पा, त्याला दार आणि दाराला पत्रा. एका घरात मी राऊटरवर क्रोशाचा रुमाल पाहिला. जुन्या टीव्हीवरचा होता, टीव्ही भिंतीवर गेल्यापासून बेकार बसला होता. क्रोशातून वायफाय आरामात जातं, त्याबद्दल तक्रार नाही. उष्णता तेवढी जात नाही. वास्तुशास्त्रवाल्यांनी अजून राऊटरची दिशा जाहीर केलेली माझ्या कानावर नाही. केली तर माझी विनंती आहे की घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर म्हणावं. लोक शास्त्रज्ञांचं ऐकत नाहीत, त्यांचं ऐकतील.

त्यात भिंती. पूर्वीच्या विटांच्या भिंती लहरींना जरा तरी दाद देत. आता पुण्यात जे बावीस-बावीस मजले उठताहेत, त्यातल्या कित्येक ठिकाणी मायवान पद्धत. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावायचे आणि भिंतीसकट सगळा मजला काँक्रीटने ओतायचा. वीट नावालासुद्धा नाही. जाहिरातीत लिहितात, भूकंपाला टिकेल. टिकेलच. वायफायलाही टिकते. बेडरूमची भिंतसुद्धा काँक्रीट आणि पोटात लोखंडी जाळी, त्यामुळे दार बंद केलं की मोबाइलवरच्या तीन रेघांची एक होते. मग माणूस म्हणतो, दार उघडं ठेवा. आणि नवविवाहित जोडप्याच्या बेडरूमचं दार नेटसाठी उघडं ठेवा हे सांगायचं कुणी?

राऊटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पाचवाली चपळ, पण नाजूक. दोन भिंतींत दम टाकते. दोन-चारवाली धिमी, पण चिवट, भिंतीपलीकडेही पोचते. घरातली जाणती माणसं मोबाइलमध्ये दोन नावं दिसली की शेवटी पाच लिहिलेलं निवडतात, कारण पाच दोनापेक्षा मोठे, आणि शिवाय फाइव्ह-जी. ते मोबाइलच्या टॉवरचं फाइव्ह-जी नव्हे हे आमच्या साडूंना पटवण्यात एक दिवाळी गेली. ते सगळ्यात लांबच्या खोलीत बसून पाचवालीच धरतात आणि कंपनीला शिव्या देतात.

भिंतीशिवाय घरात आणखी शत्रू आहेत. लोखंडी कपाट आहे. ते लहरी पार अडवतं आणि ते नेमकं पॅसेज आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीला टेकवलेलं असतं, कारण दुसरीकडे कुठे मावतच नाही. ड्रेसिंग टेबलाचा आरसा आहे. काचेमागे धातूचा मुलामा, लहर आली तशी परत. माशांची टाकी आहे. पाणी २.४ वाल्या लहरी चांगल्याच पिऊन टाकतं. आणि माणसं. माणूसही अर्ध्याहून अधिक पाणीच. म्हणून गणपतीत घर भरलं की नेट दोन्हीकडून मार खातं: पाहुणे वाटेत उभे राहून लहरी शोषतात, आणि उभ्या उभ्या पासवर्ड विचारतात.

या सगळ्यातून आमच्या वरच्या मजल्यावरच्या कन्येने जो मार्ग काढला तो असा. ती घरून काम करते. तिची खोली टोकाला. तिथून मीटिंगमध्ये तिचा आवाज तुकड्या-तुकड्याने जायचा. एके दिवशी तिला कळलं की अख्ख्या घरात सर्वात उत्तम नेट चपलांच्या कपाटापाशी आहे. आता ती रोज सकाळी दहा वाजता इस्त्रीचा कुर्ता घालून, कानाला हेडफोन लावून, दारामागच्या स्टुलावर बसते. मागे छत्र्या. पडद्यावर मात्र तिच्यामागे झाडं आणि पुस्तकांचं शेल्फ दिसतं. दूधवाला, इस्त्रीवाला, कुरियरवाला सगळे तिच्या मीटिंगला हजर असतात. अमेरिकेतल्या तिच्या साहेबाला आता "ताई, सुट्टे नाहीत" एवढं मराठी येतं म्हणे.

राऊटर आठ फूट उचलून हॉलच्या मध्यावर आणा, असं मी तिच्या वडिलांना सुचवलं. वायर लागेल आणि भिंतीवरून पट्टी जाईल, म्हणजे नुकताच दिलेला रंग खराब होईल. त्याऐवजी त्यांनी प्लॅन वाढवला.

हे इथलं सर्वमान्य औषध. नेट मंद, मोठा प्लॅन घ्या. बँक मॅनेजरसाहेबांनी १०० चा ३०० केला, मग ५०० केला. टीव्हीजवळच्या भिंतीतल्या सॉकेटला वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर स्पीड टेस्ट करायचे, आकडा यायचा ९४. पैसे वाढत गेले, ९४ काही हलला नाही. ते दर रविवारी टेस्ट करत आणि वहीत लिहीत. माझ्याकडे वही घेऊन आले, सगळ्या पानांवर ९४, एका पानावर ९३, तिथे शेरा, "पाऊस". शेवटी त्याच बावीस-तेवीसच्या पोराने भिंतीतला सॉकेट उघडला आणि हसला. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात. १०० च्या वर जायचं तर आठही लागतात. बांधकामाच्या वेळी इलेक्ट्रिशियनने त्यातल्या चार नेटला दिल्या होत्या आणि उरलेल्या चार इंटरकॉमला, वायर वाया कशाला घालवा म्हणून. चार तारांवर गाडी १०० ला अडते आणि वरखर्च वजा जाता ९४ च्या आसपास आकडा दिसतो. आठही तारा जोडल्यावर साहेबांना ४६० मिळाले. इंटरकॉम बंद पडला. आता वॉचमन खालून हाक मारतो.

प्लॅनच्या आकड्याबद्दल दुसरा घोळ असा की कंपनी मोजते मेगाबिटमध्ये आणि कॉम्प्युटर उतरवताना दाखवतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. ३०० चा प्लॅन म्हणजे सेकंदाला साडेसदतीस मेगाबाइट, तेसुद्धा सगळं सुरळीत असेल तर. हे ठाऊक नसलेला गृहस्थ पडद्यावर पस्तीस बघतो आणि ग्राहक मंचात जायची भाषा करतो. खरं तर त्याच्याकडे सगळं उत्तम चाललेलं असतं.

मुळात लागतं किती? फोर-के सिनेमाला २५ मेगाबिट पुष्कळ झाले, साध्या एचडीला ५ ते ८. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने आणलं, आणि तेव्हा डायल-अपला ९.६ किलोबिटचा वेग होता. त्या वेगाने आजचं एक सुप्रभातचं गुलाबाचं चित्र यायला जवळजवळ तीन मिनिटं लागली असती. कधी कधी वाटतं, तो वेग काही ग्रुपपुरता ठेवायला हरकत नव्हती. सरकारने २०२३ साली ब्रॉडबँड म्हणवून घ्यायची किमान पात्रता ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिटवर नेली. आपण ३०० घेऊन रडतोय.

कारण वायफाय मुळात पाळीपाळीने चालतं. हवा एकच. एका वेळी एकानेच बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकत थांबायचं. मराठी घरात हा नियम पाळणारी ही एवढी एकच मंडळी. अडचण अशी की बोलण्याचा वेग ज्याचा त्याचा. वडिलांचा जुना फोन, जो "चांगला चालतोय की" म्हणून बदललेला नाही, तो टोकाच्या खोलीतून कूर्मगतीने बोलतो. त्याचं वाक्य संपेपर्यंत नवा लॅपटॉप, टीव्ही, सगळे हाताची घडी घालून उभे. आणि ही रांग आपल्या घरापुरती नसते. फोनमध्ये वायफायची यादी उघडून बघा. आमच्याकडे दिसतात: साईकृपा, फ्लॅट ४०२, गजानन ५जी, मागू नका, डोन्ट टच, परत एकदा साईकृपा, आणि एक जे नुसतं "आई" आहे. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात पाय न घालता चालतील अशा वाटा तीनच: १, ६ आणि ११. चाळीस राऊटर, तीन वाटा. त्यात ब्लूटूथही तिथेच, आणि मायक्रोवेव्हही साधारण त्याच पट्ट्यात. राऊटर एक दशांश वॉटवर कुजबुजतो, मायक्रोवेव्हच्या पोटात आठशे वॉट खदखदत असतात. दारातून त्यातला किती क्षुल्लक अंश निसटत असेल, पण तेवढा पुरतो. रात्री नऊला आमटी गरम करायला ठेवली की जुन्या फोनवरची भाची मध्येच थबकते, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. दीड मिनिटाने टिंग होतं आणि भाची बोलायला लागते. आमटी आणि भाची यांचा संबंध आमच्या घरात बराच काळ कुणाला लागला नव्हता. माझ्या मेहुण्याने लावला, आणि तो त्याच्या बायोडाटात घालावा इतका त्याला अभिमान आहे.

लग्नसराईचा निराळाच आजार. घरात लग्न झालं की चौघांच्या फोनमध्ये मिळून काही हजार फोटो असतात. नवरानवरी एक, कोन शंभर. रात्री फोन चार्जिंगला लागतात आणि गुपचूप सगळे फोटो ढगात पाठवायला लागतात. चढायची वाट बहुतेकदा उतरायच्या वाटेपेक्षा अरुंद. फोटो ती तुंबवून टाकतात, आणि मग नुसतं बातम्यांचं पान उघडायचं तरी आपण विचारलेला प्रश्न वर पोचायला वेळ लागतो. स्पीड टेस्टवर उतरायचा आकडा बघून कुणाला काही कळत नाही. शिवाय ती टेस्ट बऱ्याचदा कंपनीच्याच किंवा गावातल्याच जवळच्या सर्व्हरशी होते, तिथे सगळं छानच दिसणार.

गेम खेळणाऱ्या पोरांना वेगाशी देणंघेणं नाही, त्यांना पिंग कमी हवा, म्हणजे इथून निघालेला निरोप सर्व्हरला शिवून परत यायला लागणारा वेळ. पुतण्या सांगतो, "काका, पिंग नव्वद झाला, मी मेलो." गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर जाऊन-येऊन आठेक हजार किलोमीटर. काचेतून उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे चाळीस मिलिसेकंद निसर्गाचेच गेले. ते १ जीबीपीएसचा प्लॅन घेऊनही वाचत नाहीत. हे त्याच्या बापाला कळेपर्यंत प्लॅन घेऊन झाला होता.

आणि काही गोष्टी खरोखर आपल्या हातात नसतात. रस्ता नवा झाला की तिसऱ्या दिवशी तो खणला जातो. पिवळं यंत्र घास घेतं आणि त्या घासाबरोबर तीन सोसायट्यांचं नेट वर येतं. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. आपल्याकडे इन्व्हर्टर असतो, राऊटरला छोटी बॅटरीही लावलेली असते, आणि समोरच्या गल्लीत जिन्याखाली ऑपरेटरचा जो डबा आहे, त्याला मात्र कुणीच काही लावलेलं नसतं. यात आपणच तेवढे दुर्दैवी असं समजू नये. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतातलं नेट लंगडायला लागलं. २०११ साली जॉर्जियात एक पंचाहत्तर वर्षांच्या आजी तांबं मिळतंय का बघायला जमीन उकरत होत्या. त्यांची कुदळ नेमकी फायबरवर पडली आणि शेजारच्या आर्मेनियाचं जवळपास सगळं नेट काही तास गेलं. फायबरमध्ये तांबं नसतं. आजींना काहीच मिळालं नाही, आणि आर्मेनियालाही.

राहता राहिला सामना. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाची फायनल होती. अ‍ॅपवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख लोक बघत होते आणि चित्र बऱ्यापैकी चाललं होतं. आमच्या डबीतल्या बत्तीस घरांनी एकदम सामना लावला तरी घरटी आठ मेगाबिट धरून अडीचशेच होतात, तंतूच्या क्षमतेचा दहावा हिस्सा. म्हणजे त्या दिवशी नेटला खोड नव्हती. तरीही मॅनेजरसाहेब चिडले होते, कारण चौकार त्यांच्या पडद्यावर यायच्या आधी आरडाओरडा खिडकीतून यायचा. त्याला कारण अ‍ॅपची रीतच तशी. चित्राचे तुकडे करायचे, वेगवेगळ्या दर्जाचे बनवायचे, पाठवायचे, आणि मध्येच थांबू नये म्हणून काही सेकंदांचा साठा हाताशी ठेवून मग दाखवायचं. या सगळ्यात पाव-अर्धं मिनिट जातं. प्लॅन १०० चा असो की १००० चा. डिश असलेल्या घरी थोडं आधी दिसतं. सगळ्यात आधी कळतं ते गेटवरच्या वॉचमनकाकांना. त्यांच्याकडे ट्रान्झिस्टर आहे आणि आकाशवाणी.

मॅनेजरसाहेबांना हे सहन होईना. कोहली चांगला जमलेला, पन्नाशी झालेली, आणि खालून एकाएकी "अरेरे" असा आवाज आला. साहेब तसेच चप्पल पायात सरकवून जिना उतरून गेटवर गेले आणि विचारलं, काय झालं.

"कोहली गेला साहेब," वॉचमनकाका म्हणाले, "पण तुम्ही परत वर जा. तुमच्याकडे अजून खेळत असंल."